डबा जपा, डिस्कची वाट पाहा

या महिन्यात टपालाने आणि फोनवर सर्वांत जास्त विचारणा झाली ती जुन्या चित्रपटांच्या रिस्टोअर केलेल्या, म्हणजे जुनी फिल्म दुरुस्त करून नव्याने काढलेल्या डिस्कबद्दल. बडोद्याच्या दांडिया बाजारात मी आणि यांनी 1987 पासून 19 वर्षं कॅसेटची लायब्ररी चालवली. नंतर दुकान गेलं, पण चित्रपट जमवणं सुटलं नाही. त्यामुळे हे प्रश्न माझ्याही घरातलेच आहेत.

काकू, आवडत्या चित्रपटाची नवी 4के डिस्क येणार असं वाचलं. जुनी डीव्हीडी काढून टाकून थांबू का? आणि नवी खरंच चांगली असेल हे आधी कसं ओळखायचं? — एक वाचक, कारेलीबाग

थांबा, पण जुनी काढू नका. ओळखायचं म्हणाल तर घोषणेत ‘4के’, म्हणजे खूप बारीक तपशिलाचं चित्र, हा शब्द किती मोठा छापलाय ते बघू नका. ती कशावरून केली ते शोधा. कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ निगेटिव्हवरून, की थिएटरात फिरून घासलेल्या प्रिंटवरून? निगेटिव्हपासून प्रत, त्या प्रतीवरून पुढची प्रत, असं प्रत्येक पायरीला बारकावे गळत जातात. दहा हात फिरलेली प्रिंट 4केमध्ये स्कॅन केली तर ओरखडेच मोठे दिसतील.

सत्यजित राय यांच्या अपूच्या तीन चित्रपटांचं उदाहरण मी नेहमी देते. 1993 साली लंडनच्या लॅबला आग लागली आणि त्यांच्या निगेटिव्ह होरपळल्या. कुणी त्या टाकून दिल्या नाहीत. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकॅडमीच्या संग्रहात त्या तशाच पडून राहिल्या आणि वीस वर्षांनी इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये कारागिरांनी ती ठिसूळ फिल्म ओलावा देऊन पुन्हा मऊ केली. हाताने दुरुस्तीलाच सुमारे हजार तास लागले. ‘पथेर पांचाली’चा 40 टक्के आणि ‘अपराजितो’चा 60 टक्क्यांहून जास्त भाग त्या जळक्या निगेटिव्हवरून मिळाला. उरलेलं निरनिराळ्या संग्रहांत जपलेल्या प्रतींवरून भरून काढलं. 2015 मध्ये त्यांची ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीहून सरस चित्राची डिस्क आली. जळलंय म्हणून 1993 सालीच कुणी ते फेकलं असतं तर?

आपल्या शेजारचंही सांगते. आणंद बडोद्याहून तासाभरावर. तिथल्या दुधाच्या सहकारावर आधारलेल्या ‘मंथन’ चित्रपटासाठी गुजरातच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये दिले होते. तो रिस्टोअर होऊन 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्याचं चित्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या मूळ निगेटिव्हवरून घेतलं, पण आवाज घेतला तो मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जपलेल्या थिएटरच्या प्रिंटवरून. म्हणजे ज्या प्रिंटला वर मी घासलेली म्हटलं, तसल्याच एका प्रिंटने इथे आवाज दिला.

जुनी डीव्हीडी ठेवा म्हणते त्याला माझं स्वतःचंही कारण आहे. 2006 मध्ये दुकान बंद केलं तेव्हा सगळ्या कॅसेट मी भंगारात किलोवर दिल्या. त्यात एका मराठी चित्रपटाची कॅसेट होती, तिच्यात शेतातलं एक गाणं पूर्ण होतं. पुढे त्याच चित्रपटाची डिस्क आणली तर गाण्याचं दुसरं कडवंच नाही. आमचे हे दोनदा डिस्क मागे नेऊन पाहत राहिले. ते कडवं मी गेल्या अठरा-वीस वर्षांत पुन्हा ऐकलेलं नाही. त्या कॅसेटचं मला आजही वाईट वाटतं.

परदेशातून मागवलेली डिस्क माझ्या प्लेअरवर चालेना. — एक वाचक, ग्वाल्हेर

डिस्क बिघडलेली नाही, तिला कुलूप आहे. ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग केलेत: अमेरिका ए, युरोप बी, आपण सी. डीव्हीडीत आपण 5, अमेरिका 1, युरोप 2. इथला प्लेअर सहसा आपल्याच भागाची डिस्क घेतो. 4के अल्ट्रा एचडी डिस्कला मात्र हे कुलूप नसतं, ती कुठलीही चालते, फक्त प्लेअर 4केचा हवा. मागवण्याआधी पाठीवरचं चिन्ह बघा आणि कस्टमचे पैसे किमतीत धरा.

नवी ब्लू-रे लावली तर सगळीकडे बारीक दाणे दिसतात. यांचं म्हणणं, डिस्क परत करा. — एक वाचिका, अलकापुरी

परत करू नका हो! तो दाणा चित्रपटाचाच आहे. फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या क्षारांच्या कणांतून आणि तो कण दिसायलाच हवा. काही कंपन्या संगणकाने तो पुसून टाकतात. मग चेहरा मेणाचा होतो, केसांची बट एकसंध काळी होते, सुती साडीचं विणकाम नाहीसं होतं. डिस्क पारखायची असेल तर नायिकेच्या चेहऱ्याआधी तिच्या पदराकडे बघा. विण दिसली तर काम प्रामाणिक आहे.

तुमच्या टीव्हीचाही हात असेल. त्यातलं ‘शार्पनेस’ खाली आणा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा आणि ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. जुन्या चित्रपटात डावी-उजवीकडे काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. जुनी चौकट जवळपास चौकोनी असायची. पट्टे नकोत म्हणून झूम दाबलं की वरखालून मिळून जवळजवळ चौथा हिस्सा कापला जातो. आधी डोकी जातात, मग पाय.

मी पेटी वाजवतो. एकाच गाण्याचा सूर एका डिस्कवर वर, दुसरीवर खाली येतो. भ्रम आहे का? — एक वाचक, रावपुरा

भ्रम नाही, तुमचा कान पक्का आहे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. पाल या आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीच्या व्हीसीडी-डीव्हीडीत तो बहुतेकदा 25ने पळवतात. चार टक्के वेग वाढला की सूरही चढतो. पांढरी एक सोडून काळी एककडे निघाल्यासारखा, पण तिथवर न पोचलेला. पेटीवर कुठलीच पट्टी जुळत नाही ती यामुळे. पाठीवरची वेळ पाहा, 120 मिनिटांचा चित्रपट 115 मिनिटांत संपत असेल तर हेच झालंय. ब्लू-रे 24नेच चालते, तिथे गाणं आपल्या मूळ सुरावर येतं. रिस्टोअर केलेल्या डिस्कची वाट पाहायला गाणारी-वाजवणारी माणसं एवढ्याशा कारणावरही तयार असतात, आणि मला ते पटतं.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं. डिस्क चिखलात गेल्या, तेव्हापासून पोत्यात बांधून ठेवल्यात. काही वाचेल का? — एक वाचक, समा

पुष्कळ वाचेल. आधी कव्हरचे कागद वेगळे करा, ते गेलेच असतील. मग एकेक डिस्क नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. सुकलेला चिखल नखाने खरवडू नका, अर्धा तास पाण्यात भिजू द्या, आपोआप सुटेल. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटावर घेऊन हलकेच फिरवा, धुवा, आणि मलमलच्या जुन्या धुवट कपड्याने मधल्या भोकापासून काठाकडे सरळ रेघेत टिपा. गोल गोल पुसू नका. माहिती गोल रेषेतच लिहिलेली असते, त्या दिशेने पडलेला ओरखडा प्लेअरला ओलांडता येत नाही, आडवा ओरखडा ओलांडता येतो. सावलीत उभ्या सुकवा. व्हीसीडी असेल तर छापील बाजू जास्त जपा, कारण चकाकीचा थर त्या रंगाच्या लगेच खाली असतो. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्क चालल्या तर त्याच दिवशी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्यांचा रंगद्रव्याचा थर तसाही फार वर्षं टिकत नाही.

‘प्रभात’चे चित्रपट असे रिस्टोअर होऊन डिस्कवर कधी येणार? — एक वाचक, पुणे

तारीख मी देऊ शकत नाही, पण अडतं कुठे ते सांगते. कायद्याप्रमाणे चित्रपटाचे हक्क 60 वर्षांनी मोकळे होतात. 1936 चा ‘संत तुकाराम’, जो 1937 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजला, तो केव्हाच मोकळा झालाय. म्हणून त्याच्या स्वस्त, धुरकट प्रती कुणीही काढतो. पण हक्क मोकळा झाला म्हणजे चांगली फिल्म हातात आली असं नाही. नव्या चित्रपटांची गोष्ट वेगळी. तिथे डबा एकाकडे आणि हक्क दुसऱ्याकडे असतो, आणि दोघांचं जुळेपर्यंत फिल्म म्हातारी होते. शिवाय रिस्टोअर झालं म्हणजे डिस्क येईलच असंही नाही. महोत्सवात दाखवतात, थिएटरात आठवडाभर लावतात आणि थांबतात. तुमच्यासारखे दोन-चारशे लोक निर्मात्यांना पत्र लिहून ‘आम्ही घेऊ’ म्हणाले तर फरक पडेल असं मला मनापासून वाटतं. दादासाहेब फाळके आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले, पण त्यांचे बहुतेक मूकपट हरवलेत, काहींचे तुकडेच उरलेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ तर एक फूटही नाही. निदान ‘प्रभात’चं तसं होऊ नये.

वडिलांच्या ट्रंकेत फिल्मचा पत्र्याचा डबा सापडला. झाकण किलकिलं केलं तर व्हिनेगरसारखा उग्र वास. टाकून द्यावा का? — एक वाचिका, दांडिया बाजार

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कृपा करून टाकू नका. तो वास म्हणजे ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या फिल्मचा रोग. उष्णता आणि दमट हवा यांनी फिल्ममधून ॲसिटिक आम्ल सुटतं, आणि सुटलेलं आम्ल स्वतःच रोग वाढवतं. ‘शोले’च्या मूळ निगेटिव्हलाही हेच झालं होतं. शेवटी इंग्लंडच्या गोदामात सापडलेल्या प्रतींचा आधार घेऊन तो उभा केला आणि जून 2025 मध्ये बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात दाखवला.

डबा माळ्यावर ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात माळा म्हणजे भट्टी. खालच्या मजल्यावर, सगळ्यात गार आणि कोरड्या खोलीत, दुसऱ्या कुठल्याही फिल्मपासून लांब ठेवा. वाफ शेजारच्या रिळाला लागते. झाकण घट्ट दाबू नका, आम्ल आत कोंडतं. प्रोजेक्टरवर लावून पाहण्याचा मोह आवरा. रोगाने फिल्म आकसते, तिची भोकं दातांवर बसत नाहीत आणि ती टराटर फाटते.

फिल्मची रुंदी मोजा. कॅमेऱ्याच्या जुन्या रोलएवढी, म्हणजे 35 मिलिमीटर असेल, तर काठावर इंग्रजीत ‘सेफ्टी’ असं छापलंय का ते भिंगातून बघा. तुमच्या डब्यातला वास फिल्म ॲसिटेटचीच असल्याचं सांगतो, पण ट्रंकेत आणखी डबे निघाले आणि त्यातली फिल्म 1951च्या आधीची, ‘सेफ्टी’ न छापलेली असली, तर ती नायट्रेटची असू शकते. ती पेट घेते. 2003 मध्ये पुण्याच्या संग्रहालयाच्या नायट्रेटच्या रिळांनाच आग लागली होती. असा डबा कुरियरने पाठवू नका, घरात दिव्याजवळ नेऊ नका, आधी पुण्याच्या संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फाउंडेशनला फोन करून विचारा.

डब्याच्या झाकणावर काही लिहिलंय का? खडूने, पेन्सिलीने, चिकटपट्टीवर? पुसू नका. त्याचा फोटो काढून मला पाठवा, आणि वडील काय काम करायचे तेही कळवा. मी दांडिया बाजारातच आहे, एखाद्या संध्याकाळी भिंग घेऊन येते.