लाकडी गाडीचा तळ: विनाइल, लॅमिनेट की लिनोलियम?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची १९५८ सालची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर आमच्या आवारात पंधरा वर्षं उभी होती. मागची लाकडी चौकट गेल्या वर्षी सुतारांकडून दुरुस्त करून घेतली. कुजलं होतं तिथे त्यांनी सागवान जोडलं. आता मागच्या सामानाच्या जागेचा तळ करायचा आहे. जुन्या प्लायच्या फळ्या फुगून पापुद्रे सुटले होते. त्यांच्यावर तपकिरी, चामड्यासारखं जाड काहीतरी होतं आणि त्याच्या पाठीला गोणपाटासारखं कापड. गॅरेजवाले म्हणतात, विनाइल चिकटवून टाका, पुन्हा बघायला नको. भाचा म्हणतो, घरात घालतात तसं लॅमिनेट घाला, लाकडी गाडीला लाकडी तळ शोभेल. मला सासऱ्यांच्या वेळी होतं तसं हवंय, पण आपल्या पावसात टिकायलाही हवं. काय घालू?
— एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : ताई, आधी एक विनंती. ते तपकिरी अजून फेकलं नसेल तर जपून ठेवा. वर्णनावरून ते लिनोलियम आहे. खात्री करायची असेल तर धारदार कटरने एक कोपरा कापा आणि कापलेली कड नीट बघा. वर जो रंग तोच आतपर्यंत गेलेला दिसेल, बोटाने चोळलं तर भुसा सुटल्यासारखं वाटेल आणि किंचित जवसाच्या तेलाचा वास येईल. विनाइलची कड वेगळी असते. वर पातळ पारदर्शक थर, त्याखाली छापलेलं चित्र आणि खाली प्लॅस्टिक. तापवलेली सुई टोचली तर विनाइल वितळतं आणि नाकाला झोंबणारा वास येतो. लिनोलियम वितळत नाही, करपतं.

आपल्याकडे दुकानात कुठल्याही गुंडाळीला सर्रास लिनोलियम म्हणतात, म्हणून हे एवढं सांगितलं. खरं लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुसा असं सगळं मळून तागाच्या कापडावर दाबलेलं. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक वॉल्टनने १८६३ साली त्याचं पेटंट घेतलं. रंगाच्या उघड्या डब्यावर जवसाच्या तेलाची जी रबरासारखी साय धरते, ती बघून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. आमच्या शेडमध्ये बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, डबा उघडा राहिला की ती साय मी आजही बोटाने उचलून बघतो. दाबली की दबते, सोडली की परत येते. जुन्या काळी काही गाड्यांच्या लाकडी तळावर हे लिनोलियम घालायची पद्धत होती. तुमच्या गाडीत ते मूळचं असो की मागाहून कुणी घातलेलं असो, घालणाऱ्याला काम कळत होतं.

आता भाच्याला समजवा. घरातल्या लॅमिनेटच्या पोटात दाबलेल्या भुशाची पाटी असते. सांध्यातून एकदा पाणी आत गेलं की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही. गाडी खड्ड्यातून जाताना तिचे सांधे रोज हलणार. लॅमिनेट नको.

विनाइलबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. १९९४ साली वागळे इस्टेटमधल्या माझ्या पहिल्या शेडमध्ये लाकडी चौकटीची एक जुनी गाडी आली होती. मालक घाईत होते. मी तळाला फोमची पाठ असलेलं विनाइल, म्हणजे प्लॅस्टिकचं कार्पेट, सोल्युशनने सगळीकडून पक्कं चिकटवलं. एक सुरकुती नाही, कडेला फट नाही. सगळ्यांना आवडलं, मलाही. दोन पावसाळ्यांनंतर गाडी परत आली ती कुबट वास घेऊन. वरून कार्पेट कोरडं ठणठणीत होतं. कडेला टोच्या लावला तर तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. कार्पेट ओढून काढलं तेव्हा फोम पाण्याने जड झाला होता, प्लायचे थर हाताने सुटत होते आणि चाकाच्या कमानीजवळ चौकटीच्या खालच्या लाकडावर पांढरी बुरशी धरली होती. ती चौकट मी माझ्या खर्चाने बदलून दिली. त्या दिवसापासून लाकडी गाडीच्या तळाला मी सोल्युशन लावलेलं नाही.

पाणी आत येणारच, ताई. ठाण्याच्या पावसात ते दारातून येतं, पावलांबरोबर येतं, खालून चाकाच्या फवाऱ्याने येतं. ते अडवण्यापेक्षा परत जायला वाट ठेवणं महत्त्वाचं. विनाइल पाण्याला वरून अडवतं तसंच खालून वाफ बाहेर जाऊही देत नाही. तुमच्या गाडीची मूळची चौकट ॲश या विलायती झाडाच्या लाकडाची. ॲश चिवट, लवचिक, वाकवायला उत्तम, पण ओलाव्यापुढे अगदी दुबळं. सागाच्या अंगात तेल असतं तसं त्याच्यात नाही. शिवाय ट्रॅव्हलरमध्ये हे लाकूड शोभेचं नाही, मागचं सगळं अंग त्याच्यावर उभं आहे. म्हणून तळाला काय घालायचं हे ठरवताना चौकट कोरडी कशी राहील हे आधी बघायचं.

त्यासाठी तळाला हात लावण्याआधी बाजूच्या सरकत्या काचा बघा. त्या ज्या खाचांमधून सरकतात त्यात पाणी साचतं. पाणी जायला बारीक भोकं असतात, ती धुळीने बुजतात आणि मग खाचेत चक्क शेवाळ उगवतं. पंधरा वर्षं उभ्या गाडीत ते असणारच. तिथलं पाणी झिरपत खालच्या लाकडात आणि तिथून तळावर येतं. बारीक तारेने भोकं मोकळी करा, तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर पडतंय की आत, हे डोळ्यांनी बघा. आत पडत असेल तर तळाचं काम थांबवा.

नव्या फळ्यांना मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं, प्लायच घ्या. विकणारा ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणेल, तेवढ्यावर जाऊ नका. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि त्याच्या वर आयएस ७१० हा आकडा बघा. आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा आकडा आहे, फर्निचरला ठीक. जाडी १२ मिलिमीटर पुरेल. कापल्यावर सगळ्यात नाजूक जागा म्हणजे कड, कारण तिथे थरांची तोंडं उघडी पडतात आणि ती पाणी ओढून घेतात. कडांना आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकाला आतून इपॉक्सीचे दोन हात द्या. भोकं आधी पाडून, इपॉक्सी वाळवून मगच स्क्रू. घाईत स्क्रू मारून वरून रंग फासला तर सगळी मेहनत फुकट.

फळ्या दोन-तीन तुकड्यांत करा, हाताने उचलून काढता येतील अशा. चौकटीला घट्ट टेकवू नका, चारी बाजूंनी पेन्सिलीच्या शिशाएवढी फट राहू द्या. फळीखाली फोम, फेल्ट, नमदा काही नको, ते स्पंजासारखं पाणी धरतात. आवाज येतो म्हणून घालायचा मोह होईल. त्याऐवजी फळी जिथे टेकते तिथे फक्त रबराच्या छोट्या चकत्या ठेवा. त्यांच्यामुळे खालून वाराही खेळतो.

आता लिनोलियम. खरं लिनोलियम आपल्याकडे मुख्यतः रुग्णालयं आणि खेळाच्या हॉलच्या जमिनींना लागतं. गुंडाळी दोन मीटर रुंदीची येते आणि तुम्हाला तेवढी लागतच नाही. अशी कामं करणाऱ्या फ्लोअरिंग कंत्राटदारांकडे उरलेले तुकडे पडून असतात, ते विचारा. जाडी अडीच किंवा ३.२ मिलिमीटरची. रंगाला तुमच्या जुन्या तुकड्याचा कोपरा सोबत न्या, पण आतल्या कापलेल्या कडेशी जुळवा, वरचा भाग झिजून काळवंडलेला असतो. नवा तुकडा उलगडल्यावर पिवळट दिसला तर दुकानदाराशी भांडू नका. अंधारात राहिलं की लिनोलियमवर पिवळी झाक येते, काही दिवस उजेडात ठेवलं की जाते.

आणल्या आणल्या कापू नका. दोन दिवस सपाट पसरून ठेवा. लिनोलियम लांबीत थोडं आकसतं, रुंदीत थोडं वाढतं. मग जुन्या फळ्यांवरून खाकी कागदाचा साचा कापा, तो गाडीत बसवून बघा आणि मगच कटर लावा. कापलेल्या कडांना बेलतेलाचा हात द्या, पाठीच्या तागालाही, कारण ताग भिजत राहिला तर कुजतो. हे तेल पुसलेली चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि अशी चिंधी आपोआप पेट घेते. दोरीवर मोकळी पसरून वाळवायची.

लिनोलियम फळीवर मोकळं अंथरा आणि कडेने पट्टी लावून दाबा. पट्टी आणि स्क्रू पितळेचे सुंदर दिसतात, मीही तेच वापरतो, फक्त एक सांभाळा. ट्रॅव्हलरच्या बाजूचे पत्रे ॲल्युमिनियमचे आहेत. पितळ ॲल्युमिनियमला टेकलं की खाडीच्या दमट हवेत ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी पूड सुटते. तशा जागी स्टेनलेसचे स्क्रू आणि खाली नायलॉनचा वॉशर.

पाय ठेवायच्या जागी वरून काथ्याची चटई टाका, मोकळी. काथ्या सहजासहजी कुजत नाही, चिखल त्याच्या पोटात पडतो, आणि पावसातून आल्यावर उचलून गॅलरीत वाळत घालता येते. युरोपातल्या पन्नास-साठ सालच्या गाड्यांतही अशा चटया असत, त्यामुळे ती परकी दिसणार नाही.

पुसायला ओलं फडकं आणि साधा सौम्य साबण, बस. धुण्याचा सोडा किंवा सोडा असलेली पावडर लिनोलियमचं तेलच सोडवते. आणि वर्षातून दोनदा, जूनच्या आधी आणि गणपती झाल्यावर, फळ्या बाहेर काढून एक दिवस सावलीत उभ्या करा. तेव्हाच चौकटीच्या खालच्या लाकडाला टोच्या लावून बघा. सागवान जोडलंय तिथे नव्या-जुन्याच्या सांध्यावर जास्त लक्ष द्या, ओल आधी ॲशच्या बाजूने शिरेल. पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर तो भुंगा आहे, ॲशचं लाकूड त्याला आवडतं. लगेच औषध मारून घ्या.

सासऱ्यांच्या वेळचं हवंय असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला फार बरं वाटलं. जुना तुकडा एखाद्या जागी शाबूत असेल तर तो कापून मागच्या दारांजवळच्या फळीवर बसवा, सामान चढवताना हात पहिला तिथेच लागतो.

प्रश्न : माझीही जुनी लाकडी बॉडीची गाडी आहे. सोसायटीत शेड नाही. पावसाळ्यात ताडपत्री घट्ट बांधून ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : चालणार नाही. प्लॅस्टिकची ताडपत्री आत घाम धरते आणि दोन महिन्यांत लाकूड काळं पडतं. चार बांबू उभे करून गाडीच्या वर हातभर अंतरावर ती छपरासारखी ताणा, बाजू उघड्या ठेवा. थोडे शिंतोडे आले तरी येऊ द्या, वाऱ्याने वाळतील.