पाचव्या चालीपाशी थांब

चि. यास अनेक आशीर्वाद.

अमरावतीच्या बुद्धिबळ स्पर्धेतला तुझा डावाचा कागद परवा मिळाला. सहाव्या चालीपासून तुझे अक्षर बिघडत गेले आहे, आणि तळाशी तू लाल शाईने लिहिले आहेस, ‘ओपनिंग पाठ नव्हते म्हणून हरलो.’ हे निदान मला मान्य नाही.

डाव ‘दोन घोड्यांचा बचाव’ या ओपनिंगचा, म्हणजे ठरावीक सुरुवातीच्या चालींचा होता. पांढऱ्याने चौथ्या चालीला घोडा जी५ या घरावर आणून सी४ च्या उंटासह एफ७ वर दुहेरी मारा धरला, तेव्हा तू डी५ खेळून उंटाची वाट अडवलीस, हे योग्यच झाले. त्याने प्याद्याने प्यादे मारताच मात्र उधारी लगेच चुकवावी तसे तू घोड्याने परत मारलेस. मग एफ७ वर घोड्याचा बळी, एफ३ वरून वजिराचा शह, आणि डी५ चा घोडा राखण्यासाठी तुझा राजा ई६ वर. हरभरा सोंगून नेलेल्या वावरात ससा उघडा पडावा तसा.

तिथे सी६ चा घोडा ए५ वर न्यायचा असतो. ही चाल पाठ करण्याआधी तिच्यामागचे कारण पटावर पाहा. घोडा उंटावर चालून जातो. उंटाने बी५ वरून शह दिला तर सी६ वर प्यादे सरकवायचे, पांढऱ्याने ते मारल्यावर बी-प्याद्याने परत मारायचे, की उंटाला पुन्हा हलावे लागते. तुझे एक प्यादे कमी होते, परंतु पांढऱ्याच्या चाली पळापळीत जातात आणि तेवढ्यात तुझी मोहरी बाहेर पडतात.

याच मार्गाने गेलेला बॉबी फिशर आणि आर्थर बिसगायर या अमेरिकन ग्रँडमास्टरांचा १९६३ चा डाव मांड. नवव्या चालीला फिशरचा घोडा एच३ वर, अगदी काठावर जातो. ही कल्पना मुळात पहिल्या विश्वविजेत्या स्टाइनिट्झची. आपल्या वर्गात कोणी ती खेळली असती तर मीच रागावलो असतो. पुढच्या चाली पुठ्ठ्याने झाकून प्रत्येक चाल आधी स्वतः ओळख, मगच पुठ्ठा सरकव. डाव पांढऱ्याने जिंकला असला तरी तू काळ्याच्या बाजूने बस.

मोबाइलवरचे चाली तपासणारे इंजिन तूर्त बंद ठेव. ते तुझी चूक क्षणात दाखवील, परंतु ती चाल खेळताना तुझ्या मनात काय होते, ते त्याला ठाऊक नाही. पाचव्या चालीला किती मिनिटे घेतलीस आणि दुसरी कोणती चाल सुचली होती, एवढे त्याच कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून रविवारी घेऊन ये. पट मी मांडूनच ठेवतो.

तुझा,
सर