पेटीवर मींड काढता येते का?

नाही, खरी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, पेटीवर निघत नाही. कोल्हापुरातल्या तुमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याचा हात कितीही तयार असला तरी. प्रत्येक पट्टीला ठरलेल्या स्वराची पितळी रीड (हवेने कंप पावणारी पातळ जीभ) असते, त्यामुळे दोन स्वरांमधली जागाच तिथे नसते. सतारीवर त्याच पडद्यावर तार ओढून, सारंगीवर नख तारेला लावून सरकवत स्वर अखंड नेता येतो. गळ्याचं तर बोलायलाच नको. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, त्यामागे हीही तक्रार होती. मात्र कणस्वर (मुख्य स्वराआधी शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श) घेत, भात्याचा दाब सांभाळत, पट्ट्या एकमेकींत मिसळत वाजवलं की मींडेचा भास होतो. गोविंदराव टेंब्यांसारख्या आपल्याकडच्या वादकांनी पेटीला गायकीच्या जवळ नेलं ते उगाच नाही. अभंगाच्या साथीला तेवढं पुरतं. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे संथ हेलकावणारा, गंधार हवा असेल तर पेटीच्या नादी लागू नका.