‘वर्णपट’च म्हणावे, ‘रंगपट’ नव्हे

धुळ्याच्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे की, ताऱ्यांच्या प्रकाशाविषयी शिकवताना, प्रकाश लोलकातून पसरवून मिळणाऱ्या पट्ट्याला (स्पेक्ट्रमला) ‘वर्णपट’ऐवजी सोपा शब्द म्हणून ‘रंगपट’ म्हणावे का, आणि ‘तारकासमूह’ व ‘तारकागुच्छ’ एकच का. ‘रंगपट’ हल्ली व्याख्यानांतून सारखा कानावर येतो आणि दर वेळी खटकतो. रंगपट नाट्यगृहात असतो. तेथे नट तोंडाला रंग लावतात.

‘वर्ण’ म्हणजे रंग, अक्षर हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. खरी गंमत यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात आहे : ‘वर्णो वृणोतेः’. काही पंडित येथे ‘वृ’ म्हणजे निवडणे असे सांगतात. ते मला मुळीच पटत नाही, कारण वेदांत निवडण्यासाठी प्राधान्याने ‘वृणीते’ येते आणि ‘वृणोति’ म्हणजे झाकतो. ‘आवरण’ त्याच धातूचे. वर्ण म्हणजे वस्तूवरचे पांघरूण.

हा अर्थ किती चपखल आहे, ते मोठा मॅजेलनी मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतील आर १३६ या ताऱ्यांच्या दाट गुच्छात दिसते. (आपल्या खान्देशातून तो जेमतेम क्षितिजाला टेकतो.) त्याचा गाभा १९८० च्या सुमारास काहींना हजाराहून अधिक सूर्यांच्या वस्तुमानाचा एकच तारा वाटला होता, १९८५ मध्ये त्यात अनेक तारे असल्याचे उलगडले. त्यांतील सर्वांत जड ताऱ्याचे वस्तुमान २०१० मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल क्राउदर यांच्या गटाने सूर्याच्या सुमारे २६५ पट काढले. २०२२ च्या अधिक स्पष्ट प्रतिमांवरून ते १७० ते २३० पट ठरले. या ताऱ्यांतून तप्त वायूचा इतका दाट वारा सुटतो की, वैशाखात जळगावच्या रस्त्यावर उपरण्याने तोंड बांधलेल्या माणसाचे उपरणेच दिसावे, तसा आपल्याला तो वाराच दिसतो. आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, हेलियमची ४६८.६ नॅनोमीटर तरंगलांबीची रेषा त्यांच्या वर्णपटात नेहमीच्या ताऱ्यांतल्या रेषांसारखी काळी नसून रुंद आणि तेजस्वी असते, कारण ती वाऱ्यात उमटते. म्हणजे तेथे अक्षरशः आवरणाचाच पट वाचला जातो!

शिवाय इतके तप्त तारे दृश्य प्रकाशात जवळजवळ सारखेच निळसर दिसतात. चाळीस हजार अंशांचा कोणता आणि पन्नास हजारांचा कोणता, हे रंगावरून कळत नाही, रेषांवरून कळते. मग ‘रंगपट’ कशासाठी?

दुसरा प्रश्न सोपा आहे. मृगासारख्या तारकासमूहातले तारे वेगवेगळ्या अंतरांवर असून केवळ एका दिशेला दिसतात. गुच्छातले तारे एकाच मेघातून जवळपास एकाच काळी जन्मलेले असतात. आर १३६ ला तारकासमूह म्हणणे साफ चूक आहे.