फोन बंद पडला की ओळखही बंद?

प्रश्न: ताई, आता सरकारी ओळखपत्र पण फोनमध्येच येणार म्हणतात. आईच्या फोनची स्क्रीन कोपऱ्यात फुटलीये, तिथलं बटण दाबलंच जात नाही, ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपतो. लोक अशा योजनांना घाबरतात ते उगाच का?

उत्तर: अजिबात उगाच नाही. स्वित्झर्लंडचंच बघा ना, २०२१ मध्ये लोकांनी डिजिटल ओळखीचा कायदा सार्वमतात फेटाळला, तब्बल ६४ टक्के विरोधात, कारण ओळख खासगी कंपन्या देणार होत्या, मग सरकारने ते काम स्वतःकडे घेतलं, सक्ती ठेवली नाही, माहिती ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहील असं केलं, तरी २०२५ ला जेमतेम ५०.४ टक्क्यांनी पास झालं. एस्टोनिया या युरोपातल्या छोट्या देशात २०१७ ला साडेसात लाखांच्या आसपास सरकारी ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला, पण तिथल्या सरकारने तो लोकांना स्वतःहून सांगितला, मला हे फार मोठं वाटतं. आईचं म्हणाल तर हातातलं कार्ड सोडू नका, आणि फोनशिवाय काउंटरवर काम होतं का ते विचारा, लेखीच विचारा, तोंडी उत्तरावर परत येऊ नका.