भोंगा वाजल्यावरचे ३० सेकंद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी धाकटी बहीण इस्रायलात अश्कलोनला एका आजीबाईंची देखभाल करते. आजी व्हीलचेअरवर असतात. इमारत जुनी, सुरक्षित खोली नाही. भोंगा वाजला की तिनं नेमकं काय करायचं? (खानापूर)

उत्तर : अश्कलोन गाझाच्या अगदी जवळ आहे. तिथं रॉकेट येत असल्याचा भोंगा वाजल्यापासून आडोसा गाठायला ३० सेकंद मिळतात असं धरतात. स्देरोतला १५, अश्दोदला ४५, बेरशेबाला ६० आणि तेल अवीवला ९०. आपल्याकडच्या जुन्या घरात माडीवरून लाकडी जिना उतरून अंगणात येईतो ३० सेकंद संपतात. तेवढ्यात व्हीलचेअर खाली नेणं होणार नाही, आणि लिफ्टला तर हातच लावायचा नाही. त्यामुळे जागा आजच ठरवून ठेवायला हवी.

बाहेरच्या भिंती आणि खिडक्या सगळ्यांत कमी असलेली जागा निवडा. बहुतेक फ्लॅटमध्ये ती मधला बोळ असतो. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर नको. धक्क्यानं फरशा, आरसे, काचा फुटून अंगावर येतात. रात्री आजींचा पलंग त्या बोळातच किंवा त्याच्या तोंडाशी लावावा. खुर्ची आतल्या भिंतीला टेकवून ब्रेक लावायचे, आजींच्या डोक्यावर जाड उशी धरायची आणि बहिणीनं शेजारी खाली बसायचं.

घड्याळ लावून हे दोन-तीनदा करून बघायला सांगा. वेळ ढकलण्यात जात नाही. ब्रेक सोडताना, पायदान दाराला अडकल्यावर आणि गालिच्याच्या कडेवर चाक थांबल्यावर जातो. गालिचा आजच गुंडाळून ठेवा.

धडधाकट माणसाला आतला, खिडकी नसलेला जिना चालतो. मात्र डोक्यावर निदान दोन मजले हवेत. तळमजल्यावर प्रवेशदारापाशी थांबू नये.

प्रश्न : मुलगा बांधकामाच्या कामावर अश्दोदला आहे. त्यांच्या खोलीला 'ममाद' आहे म्हणतो. म्हणजे काय? तेवढ्यानं भागतं का? (निपाणी)

उत्तर : १९९१ च्या आखाती युद्धात इराकनं स्कड क्षेपणास्त्रं डागली, त्यानंतर तिथं नव्या घरांत काँक्रीटच्या जाड भिंतींची, पोलादी दार-खिडकीची एक खोली सक्तीची झाली. तीच ममाद. सार्वजनिक निवाऱ्याला ते 'मिक्लात' म्हणतात आणि भोंग्याला 'अझाका'. हे तीन शब्द घरच्यांनीही लक्षात ठेवावेत, फोनवर कामी येतात.

या खोलीची खरी अडचण म्हणजे ती हळूहळू अडगळीची होते. दारामागं बॅगा, खिडकीला लागून कपाट, पोलादी झडपेच्या खोबणीत धूळ. मग ऐन वेळी झडप अर्ध्यावर अडकते. आठवड्यातून एकदा झडप पूर्ण लावून उघडावी, दार बंद करून कडी शेवटपर्यंत फिरवावी. आत माणशी दिवसाला ३ लिटर पाणी, बॅटरी, चार्जर, रोजची औषधं आणि पासपोर्ट हवेत. दाराशी चपला हव्यातच, कारण बाहेर पडल्यावर पायाखाली काच असते.

मोठं क्षेपणास्त्र थेट आदळलं तर ममादही तग धरेलच असं नाही. पण थेट आदळणं क्वचितच होतं. माणसं जखमी होतात ती बहुतेक काचा, तुकडे आणि धक्क्यानं. त्यापासून ही खोली वाचवते.

गाझाच्या रॉकेटनंतर १० मिनिटं आतच थांबायचं. आयर्न डोम या इस्रायलच्या रॉकेटविरोधी यंत्रणेनं रॉकेट वर फोडलं तरी त्याचे तुकडे खाली पडत राहतात. इराणकडून क्षेपणास्त्रं आली तेव्हा मोबाईलवर आधी सूचना येत असे, आणि 'बाहेर पडा' असा संदेश येईपर्यंत आतच थांबायचं होतं. पडलेल्या तुकड्याला हात लावू नये. १०० वर पोलिसांना कळवावं. कामाच्या जागी उघड्यावर असला तर पालथं पडून दोन्ही हात डोक्यावर.

प्रश्न : पोरगा फोनवर हसत सांगतो, "डोक्याला शॅम्पू लावला की भोंगा वाजतोच." आम्हाला रडू येतं. त्याला गांभीर्य नाही का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : आहे, ताई. आंघोळीचे विनोद तिथं घरोघरी चालतात, कारण ती भीती खरी आहे: उघडं अंग, ओली फरशी आणि मोजके सेकंद. निवाऱ्याकडे धावताना पडून हातपाय मोडलेली माणसं दर वेळी दवाखान्यात येतात. त्याला हसू द्या, तुम्हीही हसा, आणि त्याच बोलण्यात विचारा की टॉवेल नि चपला दाराशी असतात का, घरात दुसरं कोणी जागं असतानाच आंघोळ करतोस का. विनोद करणारा मुलगा बोलतो तरी आहे. तो गप्प झाला, झोप उडाली, जेवण सुटलं, तर मात्र लगेच लक्ष द्या.

प्रश्न : बातमी दिसली की फोन लावतो, लागत नाही. (चिकोडी)

उत्तर : त्या १० मिनिटांत लावूच नका. आत रेंज कमी असते, आणि फोन घ्यायला माणूस दाराशी येतो. आधीच ठरवून ठेवा: बाहेर आल्यावर त्यानं 'ठीक' एवढाच संदेश टाकायचा. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर आपण त्यांच्या अडीच तास पुढे असतो, एरवी साडेतीन तास. तिथं रात्री ९ ला भोंगा झाला तर हिवाळ्यात तुमच्याकडे साडेबारा वाजलेले असतात. फोनचा आवाज चालू ठेवून झोपा.