मुंबई-लंडन: जाताना जास्त वेळ, येताना कमी, असं का?

प्रश्न: नमस्कार, मुलीचं बाळंतपण आहे म्हणून मी आणि आमचे हे ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिल्यांदाच लंडनला चाललोय, परत जानेवारीत. नेटवर विमानाचं अंतर ७२०० किमी दाखवतंय, स्पीड ९०० चा, म्हणजे ह्यांच्या हिशोबाने ८ तास. पण तिकिटावर जाताना पावणेदहा तास आणि येताना ९ तास लिहिलंय. वर निघणार दुपारी १ ला आणि पोचणार संध्याकाळी सव्वासहाला! ह्यांना शुगर आहे, गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्यात, तर नक्की किती तास धरायचे?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: काकू, काकांचा भागाकार बरोबर आहे, फक्त त्यात वारा धरायचा राहिला. ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि लंडनला जाताना तो समोरून लागतो. समजा सगळ्या वाटेवर ताशी १०० किमीचा वारा समोरून आहे, तर ९०० चं विमान जमिनीच्या हिशोबाने ८०० नेच पुढे सरकतं, म्हणजे झाले ९ तास, आणि तोच वारा परतताना पाठीमागून मिळाला की १००० चा स्पीड, सव्वासात तासांच्या आत काम. खरा वारा रोज बदलतो, सगळीकडे सारखा नसतो, पण हिवाळ्यात जोर जास्त, त्यामुळे तुमचा जानेवारीतला परतीचा प्रवास लवकर उरकेल.

दुसरं, ते ७२०० किमी म्हणजे गोल पृथ्वीवरचं सगळ्यात जवळचं अंतर. घरात नातवंडांचा ग्लोब असेल तर मुंबई ते लंडन दोरा ताणून बघा, तो बलुचिस्तान, इराण, काळा समुद्र, युक्रेन असा जातो. आता युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद, पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंदी घातली, मग वळसा आलाच. शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, धावपट्टीपर्यंत जाणं, हिथ्रोवर गर्दी असली की उतरायच्या आधी आकाशात घिरट्या, हे सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणून किलोमीटर विसरा आणि तिकिटावरचे तासच धरा.

घड्याळाचं मात्र नीट बघा हं, गोळ्यांचा गोंधळ तिथेच होतो. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, नंतर मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच. तुम्ही सव्वासहाला उतराल तेव्हा सांगलीत रात्रीचे पावणेअकरा झालेले असतील, म्हणजे काकांची रात्रीची गोळी आणि जेवण विमानातच येणार. परतताना उलटं, तिथून रात्री ९ ला निघालात तर मुंबईत सकाळी साडेअकराला, दिसायला साडेचौदा तास पण बसायचं ९ च. मला विचाराल तर काकांच्या हातातलं घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा. गोळ्या, इन्सुलिन असेल तर तेही, प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको, आणि वेळा कशा सरकवायच्या हे निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांनाच तिकीट दाखवून लिहून घ्या, मनाने बदल करू नका. जावईबापूंना सव्वासहाला दारात उभं राहायला लावू नका, इमिग्रेशन आणि बॅगा यात तास-दीड तास सहज जातो.